हसू फॉरवर्ड का होतं?

२००७ मध्ये यूट्यूबवर इंग्लंडमधला एक घरगुती व्हिडिओ आला, ‘चार्ली बिट माय फिंगर’. लांबी मिनिटभरही नाही. थोरला भाऊ धाकट्या बाळाच्या तोंडात बोट घालतो, बाळ करकचून चावतं, थोरला कळवळतो आणि बाळ खुदकन हसतं. बस्स, एवढंच! पण कोट्यवधी वेळा तो पाहिला गेला.

यात हसण्यासारखं काय? पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये एक उत्तर मांडलं. काहीतरी बिनसतं, पण त्यातून खरी इजा होत नाही, हे दोन्ही एकदमच जाणवलं की हसू फुटतं. बोट रक्तबंबाळ झालं असतं तर कुणी हसलं नसतं. बाळ चावलंच नसतं तर कुणी पाहिलं नसतं.

लांबीचाही वाटा मोठा. २०१३ मध्ये आलेल्या ‘वाइन’ अ‍ॅपवर व्हिडिओ जेमतेम ६ सेकंदांचा असे आणि संपला की आपोआप पुन्हा सुरू होई. प्रस्तावनेला, पाल्हाळाला वावच नाही. थेट गंमत!

मग तो पुढे का पाठवायचा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं, की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. मोबाइलसमोर आपण एकटेच असतो. फॉरवर्ड करून आपण हसायला सोबत गोळा करतो.

तेव्हा कुणाच्या पडण्या-धडपडण्याचा व्हिडिओ पाठवण्याआधी एवढं पाहा: त्याला खरंच लागलं तर नाही ना? लागलं असेल, तर तो विनोद नव्हे.