पडद्यापलीकडच्या मित्राला ‘हे चुकलंय’ कसं सांगायचं?



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आपले वर्ग रातोरात झूम आणि गूगल मीटवर गेले. कॉलेजं पुन्हा उघडली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तेव्हाच्या काही सवयी टिकल्या. जर्नल क्लब अजूनही ऑनलाइन भरतो. प्रॅक्टिकलचा रिपोर्ट शेअर्ड डॉक्युमेंटवर एकमेकांना वाचायला दिला जातो. ‘स्वयम्’सारख्या कोर्समध्ये तर सहाध्यायांची प्रत्यक्ष भेट बहुतेक वेळा होतच नाही.

अशा वर्गात दुसऱ्याच्या कामावर मत द्यायची वेळ आली की दोन प्रकारचे शेरे हमखास दिसतात. पहिला : “छान झालंय, ऑल द बेस्ट!” दुसरा : “हा काय ग्राफ आहे? परत कर.” पहिला सभ्य वाटतो, दुसरा उद्धट. पण दोन्ही शेरे रिपोर्ट न उघडताही लिहिता येतात. समोरच्यानं आठवडाभर खपून केलेलं काम नीट वाचलं गेलं की नाही, हे दोन्हींतून कळत नाही. आदराचा प्रश्न मला इथे दिसतो. याबद्दल संशोधन काय सांगतं ते बघू.

लिहिताना ऐकू येणारा सूर

२००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांचा एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे तर काही उपरोधानं सांगायची होती, कधी ईमेलवर लिहून तर कधी आवाजात. समोरच्यानं ओळखायचं, की हा खरं बोलतोय की टोमणा मारतोय. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की साधारण ७८ टक्के वेळा ते बरोबर ओळखलं जाईल. आवाजाच्या बाबतीत तो जवळपास खरा ठरला : ७३ टक्के. ईमेलवर मात्र आकडा आला ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के आले असते!

असं का होतं? एखाद्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवा आणि मित्राला गाणं ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात अख्खं गाणं वाजत असतं, त्याला फक्त टकटक ऐकू येते. लिहितानाही तसंच होतं. “हे परत बघ” हे तुम्ही काळजीनं लिहिलेलं असतं, पण ती काळजी तुमच्या डोक्यात राहते. रात्री अकरा वाजता, दमलेल्या अवस्थेत वाचणाऱ्याला त्यात वैताग दिसू शकतो. म्हणून शेऱ्यांमध्ये टोमणे आणि कोपरखळ्या टाळाव्यात. वर्गात हसून घालवलेली गोष्ट स्क्रीनवर तशीच पोचेल याची खात्री नसते.

नाव दिसतं, डोळे दिसत नाहीत

ऑनलाइन माणसं जास्त फटकळ होतात, असा आपला अनुभव आहे. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी या सैल सुटण्यामागची कारणं सविस्तर मांडली. ओळख लपणं हे त्यातलं एक. पण वर्गात तर आपलं नाव रोल नंबरसकट दिसत असतं, मग तिथे का घडतं? २०१२ मध्ये इस्राएलच्या दोन संशोधकांनी, नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी, अनामिकता, न दिसणं आणि नजरानजर नसणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. चॅटवरचा वाद शिवीगाळीकडे वळण्यात सगळ्यात मोठा वाटा नजरानजर नसण्याचा निघाला. प्रत्यक्ष बोलताना समोरच्याचा चेहरा उतरला की आपण आपोआप आवाज खाली आणतो. कॅमेरा बंद असलेल्या वर्गात तो ब्रेक लागत नाही.

मग गोड बोलून मोकळं व्हायचं का?

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या अभ्यासांमधले ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. अभिप्रायामुळे सरासरी कामगिरी सुधारते, हे दिसलंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती चक्क घसरली होती. त्यांच्या मते, लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. म्हणजे “तुला जमत नाही”इतकंच “तू फार हुशार आहेस” हे वाक्यही कामापासून लक्ष हटवू शकतं.

तेव्हा शेरा माणसावर न देता कामावर द्यायचा. बोलायला सोपं आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ. एका रिपोर्टमध्ये लॅम्बर्ट-बिअरच्या नियमावर आधारलेला कॅलिब्रेशन कर्व्ह आहे आणि वरचे दोन बिंदू रेषेवरून घसरलेत. शेरा असा देता येईल :

“आकृती ३ मध्ये पहिले पाच बिंदू सरळ रेषेत आलेत, रीडिंग नीट घेतलीत हे कळतं. शेवटचे दोन मात्र रेषेच्या खाली आहेत. तिथे द्रावण फार संहत असल्यामुळे नियम लागू होत नसेल का? ते विरल करून पुन्हा मोजून बघता येईल. किंवा रेषा पाच बिंदूंवरच काढून तसं रिपोर्टमध्ये नमूद करता येईल.”

यात काय जमलंय, नेमकं कुठे अडलंय, का अडलं असावं आणि पुढे काय करता येईल, हे सगळं आलं. मेलिसा नेल्सन आणि ख्रिश्चन शुन यांच्या २००९ च्या अभ्यासातही चूक नेमकी कुठे आहे आणि उपाय काय, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांना अडचण जास्त समजल्याचं दिसलं. समजली तर ती दुरुस्त होण्याची शक्यता वाढते. “नसेल का?” हे प्रश्नचिन्हही कामाचं आहे. ते रीडिंग तुम्ही घेतलेलं नाही, कदाचित क्युव्हेटच खराब असेल. लिहिणाऱ्याला उत्तर द्यायला जागा राहते.

अहोजाहो आणि अरेतुरे

मराठीत आणखी एक पेच आहे. ऑनलाइन कोर्समध्ये एकवीस वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचे शिक्षक एकाच गटात असू शकतात, आणि आपल्याला क्रियापद लिहितानाच नातं ठरवावं लागतं : कर, करा की कराल का? सुरुवात ‘तुम्ही’नं करावी, समोरचा “अरे, तू म्हण” म्हणाला की उतरावं. पण अहोजाहो केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. “आपण मूळ पेपर वाचण्याची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं” या वाक्यात ‘आपण’ आहे आणि अपमानही आहे.

तसंच, चूक साठ जणांच्या चॅटमध्ये लिहायची की त्या व्यक्तीला वेगळी सांगायची, याचा आधी विचार करा. सगळ्यांना उपयोगी असेल तरच ती सगळ्यांसमोर मांडा, आणि तीही नाव न घेता.

यात आपला काय फायदा?

“माझाच रिपोर्ट राहिलाय, दुसऱ्याचा कुठे वाचत बसू?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांच्या २००९ च्या अभ्यासात सापडतं. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एका गटानं सत्रभर फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय द्यायला शिकायचं, दुसऱ्यानं मिळालेला अभिप्राय वापरायला शिकायचं. शेवटी स्वतःचं लेखन जास्त सुधारलं ते देणाऱ्यांचं, विशेषतः त्यातल्या नवशिक्यांचं. दुसऱ्याच्या मजकुरातली फट शोधताना नजर तयार होते आणि तीच नजर आपल्या मसुद्यावर फिरते.

‘छान आहे’ म्हणून सोडून दिलेली चूक कुठे जात नाही. ती व्हायव्हात परीक्षकाला सापडते, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. उलट, चॅटमध्ये सगळ्यांसमोर झापलेला विद्यार्थी पुढचा मसुदा दाखवतच नाही. त्याच्या त्यानंतरच्या चुका मग कुणालाच दिसत नाहीत.

पुढच्या वेळी कुणी रिपोर्ट वाचायला दिला तर दहा मिनिटं काढा, एक जमलेली आणि एक अडलेली जागा शोधा आणि ती आकृती किंवा पान क्रमांकासकट लिहा. पाठवण्याआधी ते एकदा मोठ्यानं, अगदी सपाट आवाजात वाचून बघा. तसं वाचूनही बोचत नसेल, तर खुशाल पाठवा.