पुसलेल्या रेषा

लाइफ क्लासमध्ये रेषा चुकली, की माझा हात आधी खोडरबराकडे जातो. गेल्या सत्रात मी दिलेला कागद अगदी स्वच्छ होता. सरांनी तो उजेडाकडे धरला आणि विचारले, "यात तू विचार कुठे केलास?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तराची दिशा ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सापडली. अँग्र (१७८०–१८६७) या फ्रेंच चित्रकाराचे 'कोंतेस दोसोंव्हिल' हे तैलचित्र १८४५ मधले; ते न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. निळ्या पोशाखातली तरुणी, हनुवटीपाशी नेलेला डावा हात, मागे आरसा. सारे सहज वाटते. पण त्याआधी अँग्रने काही आरंभ सोडून दिले, आणि उचललेला हात, मस्तक व त्याचे आरशातले प्रतिबिंब यांची चित्राच्याच आकाराची रेखाटने केली.

शिसपेन्सिलीचे असे पूर्वरेखाटन कसे पाहावे? प्रथम रेषेचा भार पाहावा. फिकट रेषा बहुधा चाचपणीची असते, गडद रेषा निर्णयाची. कोळशाची रेघ बोटाने सहज पसरवता येते. शिसपेन्सिलीच्या अणकुचीदार टोकाची रेषा शंका लपवू देत नाही. मग कागदावर चौकटी आखल्या आहेत का, ते पाहावे. या चित्राच्या एका रेखाटनावर त्या आहेत. आकृती आता कॅनव्हासवर न्यायची, हे तिथे ठरले.

शेवटी रेखाटनानंतरचे चित्र पाहावे. इथे मी थबकलो. इतका अभ्यास करूनही चित्रातला उजवा हात खांद्याऐवजी बरगड्यांतून निघाल्यासारखा दिसतो. शरीररचनेच्या परीक्षेत तो नापासच व्हायचा! पण तो तसा आडवा गेल्यामुळे डाव्या कोपराला आधार मिळतो आणि आपली नजर चेहऱ्याकडे चढते. एवढी रेखाटने करणाऱ्याला खांदा कुठे असतो, हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? माझ्या मते हा बदल जाणूनबुजून केलेला आहे, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला त्या कागदांनी दिला.

अँग्रने आपली हजारो रेखाटने मोंतोबां या जन्मगावी ठेवली. आपल्याकडे गुण शेवटच्या कागदाला मिळतात. कच्चे कागद सत्र संपताच रद्दीत जातात. प्राध्यापकांना विनंती, की सबमिशनबरोबर तेही मागावेत. यंदाचे माझे कागद मी जपून ठेवले आहेत. त्यांत चुका पुष्कळ आहेत. पण सरांनी पुन्हा विचारले, तर दाखवायला काहीतरी आहे.