हलत्या काठाचा दोर

ब्राह्मणपुरीत दोर म्हणजे कासरा, दावं, नाहीतर चऱ्हाट. शहादा तालुक्यातल्या या शेतीच्या मुलखात होडीसाठी दोर मागितला, तर दुकानदार आधी बैल किती ते विचारायचा. संपादकांना मात्र लेखासाठी होडीचाच दोर हवा होता. म्हणून सातपुडा ओलांडून धडगाव तालुक्यात, नर्मदेकाठी भूषाला उतरलो.

इथल्या पाण्याचा सरकारी इतिहास थोडक्यात असा: सरदार सरोवर धरणाची पायाभरणी १९६१ सालची. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे लागले आणि २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे या जलाशयाचा काठ नऊ मजल्यांइतका वर-खाली होऊ शकतो.

एक नावाडी नांगराचा दोर तपासत बसला होता. पीळ उलटा फिरवून त्यानं पेड उघडले. आतून बारीक रेती आणि पांढरा भुगा मांडीवर सांडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळ शाबूत होता, सुंभच गेला होता.

“दादा, दोर वरून बघायचा नाही,” तो म्हणाला.

त्याचा नांगराचा दोर नायलॉनचा, तीन पेडी, बारा मिलिमीटरचा. एवढ्याशा होडीला याहून बारीकही चालला असता, पण बारीक दोर ओल्या हाताला कापतो. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो. वाऱ्याचा झटका तो स्वतः पचवतो, नांगराला उपटू देत नाही. निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी स्वस्त, पण ती तरंगते, पंख्यात गुंतते आणि उन्हानं ठिसूळ होते. दोर होडीच्या कडेवर घासतो, तिथं त्यानं ठिबकच्या नळीचा तुकडा उभा चिरून चढवला होता. केळीच्या बागेतली नळी इथं दोराची कातडी झाली होती.

लांबीचा हिशेब खोलीच्या पाच ते सात पट. सहा मीटर पाण्यात निदान तीस मीटर दोर सोडायचा, म्हणजे ओढ आडवी पडते आणि नांगर तळात रुततो. दोर आखूड पडला की तोच नांगर उभा उचलला जातो.

पण इथं खोली एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात काठाला होडी आखूड बांधली, तर चढतं पाणी तिचं नाक खाली ओढतं. सैल बांधली, तर ती बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर जाऊन आपटते. नांगरही त्याच झाडांत अडकतो. त्यासाठी नांगराच्या बुडाला एक बारीक तरंगती दोरी आणि वर रिकामी बाटली. अडकला की उलटा ओढून सोडवायचा. नांगराला नको असलेली निळी दोरी इथं उपयोगी पडते.

लांब दोर महाग, कारण दुकानात तो किलोवर मिळतो. मग दोन तुकडे गाठीनं जोडायचे, आणि गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यावर येते. हे त्यालाही ठाऊक आहे. गाठ मात्र तशीच आहे.

उतारावर त्यानं तीन खुंटे ठोकलेत. सर्वांत खालचा पाण्यात गेला होता. होडी मधल्याला होती.

“वरचा कधी लागेल?”

“रात्री उठून बघायचं,” तो म्हणाला, आणि गाठ पुन्हा आवळली.