हाडांच्या एक्स-रेवरून वय किती कळतं? जन्मदाखला नसेल तर काय होतं, समजून घ्या

कळवण : आपल्याकडे कित्येकांचा वाढदिवस १ जूनला येतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. जन्माची नोंद नव्हती, शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली. एरवी यात कुणाचं काही बिघडत नाही. पण पोलीस केस झाली की हीच तारीख पोराचं आयुष्य ठरवते.

पीडित मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो. तिथे तिची संमती धरली जात नाही. आरोपी मुलगा १८ च्या आतला असेल तर त्याला आधी बाल न्याय मंडळापुढे नेतात. बालविवाहाच्या तक्रारीतही मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण आहेत का, हाच पहिला प्रश्न असतो.

आणि वयाचा कागदच नसेल तर? मग हाडांच्या तपासणीचा आदेश निघतो. मशीनखाली हात ठेवला की वय कळतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

एक्स-रेत काय बघतात?

वाढत्या मुलांच्या लांब हाडांची टोकं मधल्या हाडाला पूर्ण जुळलेली नसतात. दोन्हींच्या मधे कूर्चेची पट्टी असते. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचिक चिवट वस्तू. हाडाची लांबी तिथूनच वाढते. एक्स-रेत हाड पांढरं आणि ही पट्टी काळसर रेघेसारखी दिसते. वय वाढतं तशी पट्टीची जागा हाड घेतं आणि टोक जुळतं.

सगळी टोकं एकदम जुळत नाहीत. कोपराची साधारण १४ ते १६ वर्षांत, मनगटाची मुलींमध्ये १६-१७ आणि मुलांमध्ये १८ च्या आसपास जुळतात. कमरेच्या हाडाची वरची कड १८ ते २० च्या सुमारास जुळते. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीनंतर जुळतं. मुलींची हाडं मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी पक्की होतात. म्हणून डॉक्टर एकाच हाडावर न थांबता कोपर, मनगट, कंबर आणि दात असं सगळं मिळून बघतात. अक्कलदाढेचा भरवसा कमी, ती १७ ते २५ मध्ये कधीही येते.

मग नेमकं वय का येत नाही?

कारण हाड वाढदिवस मोजत नाही. एकाच वयाच्या दोन पोरांची हाडं सारखी नसतात. कुपोषण, लांबलेलं आजारपण, घराण्याची ठेवण यांनी फरक पडतो. मनगटाच्या एक्स-रेची तुलना करायला जगभर वापरलं जाणारं ग्रुलिच आणि पाइल यांचं पुस्तकही अमेरिकेतल्या खात्यापित्या घरच्या मुलांवरून बनलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जया माला प्रकरणातच सांगितलं, की या तपासणीत दोन्ही बाजूंना २ वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणजे अंदाज १७ आला, तर खरं वय १५ ते १९ मध्ये कुठेही असू शकतं. आणि केसचा निकाल तर नेमका १८ च्या रेषेवर असतो!

मुंबई हल्ल्यातला कसाब २००९ मध्ये आपण अल्पवयीन असल्याचं सांगत होता. तेव्हा तपासणी उपयोगी पडली; डॉक्टरांनी त्याचं वय २० पेक्षा जास्त सांगितलं आणि न्यायालयाने दावा फेटाळला.

उलट उदाहरण पुण्याचं. १९९४ मधल्या एका हत्याकांडात एकाला फाशीची शिक्षा झाली होती. त्याची तपासणी २००५ मध्ये झाली तेव्हा वय २२ ते ४० मध्ये कुठेतरी, एवढंच कळलं. हाडं एकदा जुळली की एक्स-रे फार काही सांगू शकत नाही. शेवटी राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद कामाला आली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याला सोडलं. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती.

कायद्यात आधी कागद, मग हाडं

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि आदेशापासून १५ दिवसांत ती पूर्ण करायची. पीडित मुलीचं वय ठरवतानाही हाच क्रम पाळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात सांगितलं आहे. आधार कार्डावर विसंबू नका. २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला.

आपण काय करायचं?

बाळंतपण घरी झालं असलं तरी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. वर्ष उलटून गेलं तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे जास्त हेलपाटे.

शाळेत किंवा आश्रमशाळेत नाव घालताना दाखल्यावरचीच तारीख लिहिली का, ते स्वतः बघा. लग्नासाठी वय वाढवून किंवा प्रवेशासाठी घटवून सांगू नका.

तपासणीची वेळ आलीच, तर मुलाला झालेले मोठे आजार डॉक्टरांना सांगा. मुलगी गरोदर असण्याची शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा. अहवालात "१६ ते १८" असं लिहून आलं तर घाबरून जाऊ नका. तो डॉक्टरांचा अंदाज आहे, निर्णय न्यायालयाचा असतो. तोवर शाळेची जुनी नोंद मिळते का, ते शोधा. पहिलीच्या प्रवेशाच्या रजिस्टरमधली एक ओळ एक्स-रेपेक्षा भारी ठरू शकते.