जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे लाल तेल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल एकाच वेळी पाच कामे करते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवते. वॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून दाब वाहून गिअर बदलवते. दातेरी चक्रांना आणि बेअरिंगांना वंगण देते, उष्णता कूलरपर्यंत नेते आणि रबरी सील मऊ ठेवते. याशिवाय एक सहावे काम आहे आणि जुन्या गाडीसाठी तेल निवडताना तेच निर्णायक ठरते. क्लचच्या प्लेटा एकमेकींना किती घट्ट धरतील आणि किती हळुवारपणे जुळतील, हे तेलावर अवलंबून असते. म्हणूनच इथे सर्वांत नवे किंवा सर्वांत महाग तेल योग्य असेलच असे नाही. त्या विशिष्ट गिअरबॉक्सचा क्लच ज्या तेलावर बेतला होता, तेच योग्य.

गिअर पडताना पोलादी प्लेट आणि अस्तराची प्लेट आधी एकमेकींवर घसरतात आणि मग एकजीव होऊन फिरू लागतात. काही तेलांत घर्षण सौम्य करणारी द्रव्ये घातलेली असतात. अशा तेलात घसरण थांबत येते तशी पकड हलकी होत जाते आणि गिअर अलगद पडतो. ही द्रव्ये नसलेल्या तेलात उलटे घडते. शेवटच्या क्षणी पकड वाढते आणि गिअर ठसक्यात पडतो. अभियंते प्लेटांची संख्या, आकार आणि दाब ठरवताना यांपैकी एक स्वभाव गृहीत धरतात. घट्ट पकडीच्या तेलावर बेतलेल्या गिअरबॉक्समध्ये सौम्य तेल भरले, तर प्लेटा जास्त वेळ घसरतात, तापतात आणि अस्तर जळते. याच्या उलट अदलाबदल झाली, तर गिअर धक्क्याने पडतात आणि तो धक्का पुढच्या भागांना सोसावा लागतो.

या दोन स्वभावांमागे अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचा इतिहास आहे. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक हा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. सुरुवातीला त्याचे तेल कंपनीचे स्वतःचे होते. 1949 मध्ये ‘टाइप ए’ हे प्रमाण जाहीर झाले, त्यामुळे इतर तेल कंपन्यांनाही परवान्याखाली ते तेल विकता येऊ लागले. 1957 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘टाइप ए, सफिक्स ए’ आली आणि 1967 मध्ये ‘डेक्सरॉन’. ही सौम्य घर्षणाची शाखा. त्या काळी हा सौम्यपणा स्पर्म व्हेलच्या तेलातून मिळवला जाई. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत व्हेलला कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा पर्यायी रसायने शोधावी लागली आणि त्यातून डेक्सरॉन-दोन तयार झाले. त्याच्या पहिल्या रूपाने कूलरच्या डाकाचे जोड गंजू लागले, म्हणून गंजरोधक घालून पुढची आवृत्ती काढली गेली. 1990 च्या दशकात डेक्सरॉन-तीन आले आणि 2005 मध्ये डेक्सरॉन-सहा.

फोर्डने वेगळी वाट धरली. त्यांचे ‘टाइप एफ’ हे घट्ट पकडीचे तेल. 1960 च्या दशकातील मस्टँगमधला सी-फोर आणि मोठ्या गाड्यांतला सी-सिक्स हे गिअरबॉक्स याच तेलावर चालत. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डही सौम्य तेलाकडे वळली आणि 1987 मध्ये ‘मरकॉन’ हे प्रमाण आले. त्यामुळे ‘फोर्डची गाडी’ एवढ्या माहितीवर तेल ठरत नाही, वर्ष आणि गिअरबॉक्सचा प्रकार दोन्ही लागतात.

गाडीवरचे नाव आणखीही फसवू शकते, कारण अनेक कारखाने गिअरबॉक्स बाहेरून घेत. रोल्स-रॉइसने 1950 च्या दशकात हायड्रा-मॅटिकच परवान्याने बनवला, तर पुढे सिल्व्हर शॅडोमध्ये जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रा-मॅटिक 400 बसवला. म्हणजे या ब्रिटिश गाडीचे तेल डेक्सरॉनच्या घराण्यातले. रोव्हर आणि ट्रायम्फ यांच्या अनेक गाड्यांत बोर्ग-वॉर्नर 35 होता आणि त्याला फोर्डच्या घराण्यातले घट्ट पकडीचे तेल लागे. मर्सिडीजने 1961 पासून स्वतःचा गिअरबॉक्स बनवला, पण तेल मात्र टाइप ए, सफिक्स ए सांगितले. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटलाही टाइप ए आणि नंतर डेक्सरॉन चाले.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधी गिअरबॉक्सवरची पट्टी किंवा क्रमांक पाहून प्रकार ओळखावा, कारण पन्नास वर्षांत तो बदललेलाही असू शकतो. मग त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले प्रमाण पाहावे. काही गाड्यांत ते डिपस्टिकवरही कोरलेले असते. त्यानंतर त्या प्रमाणाचा आजचा वारस शोधावा. टाइप ए आणि जुन्या डेक्सरॉनच्या जागी डेक्सरॉन-तीनच्या दर्जाचे तेल सहसा चालते. टाइप एफ मात्र आजही त्याच नावाने मिळते आणि त्याची जागा डेक्सरॉनने घेऊ नये. गिअरबॉक्स उघडून नवी अस्तरे बसवली असतील, तर ती बनवणाऱ्याची शिफारस मॅन्युअलपेक्षा महत्त्वाची. तेलाचा रंग इथे मदत करत नाही. गळती इंजिन ऑइलची नाही हे कळावे म्हणून लाल रंग घालतात आणि दोन्ही शाखांची तेले लालच असतात.

डेक्सरॉन-सहा जुन्या डेक्सरॉनच्या जागी चालते, असे जनरल मोटर्स सांगते. पण ते पातळ आहे. 100 अंश सेल्सिअसला डेक्सरॉन-तीनची विस्कॉसिटी साधारण 7.5 सेंटिस्टोक्स असते, तर डेक्सरॉन-सहाची कमाल मर्यादा 6.4 आहे. झिजलेल्या पंपात आणि कडक झालेल्या सीलमध्ये हा फरक दाब कमी करू शकतो आणि गळती वाढवू शकतो. सीव्हीटी किंवा ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची तेले तर पूर्णपणे वेगळ्या यंत्रांसाठी असतात. जुन्या गिअरबॉक्समध्ये ती घालूच नयेत.

तेल बदलण्यापूर्वी आधीचे तपासावे. तपकिरी आणि जळका वास असलेले तेल अस्तर जळाल्याचे सांगते. दुधाळ गुलाबी रंग दिसला, तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी मिसळले आहे. केवळ खालचे पॅन काढल्याने सगळे तेल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. अनेक जुन्या गाड्यांत कन्व्हर्टरला वेगळा ड्रेन प्लग असतो. तो नसेल, तर थोडे अंतर चालवून पुन्हा तेल बदलावे लागते. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाताना हे जास्तच गरजेचे, कारण उरलेले तेल नव्याचे घर्षण बदलते.

पातळी गाडी गरम असताना, सपाट जमिनीवर, इंजिन चालू ठेवून पाहतात. जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत लीव्हर पार्कमध्ये असावा, टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलमध्ये. तेल जास्त झाले तर फिरती चक्रे ते घुसळून फेस करतात, फेसात हवा शिरते आणि दाब ढासळतो.

भारतात 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांक-मालिका मिळते. अशी गाडी बहुधा रॅलीत, संथ गतीने, उन्हात चालते. संथ गतीत कन्व्हर्टरमधली घसरण जास्त आणि कूलरवरचा वारा कमी, म्हणून तेल लवकर तापते आणि लवकर खराब होते. किलोमीटर कमी भरले तरी अशा गाडीचे तेल ठरावीक मुदतीने बदलावे आणि त्याचे प्रमाण व तारीख लिहिलेली पट्टी भरणनळीला बांधून ठेवावी.