जहाज पाहावे बांधून!

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. कंत्राटदाराने तोंडी सांगितलेला आकडा आणि वास्तुशांतीच्या दिवशीचा हिशेब यांत किती अंतर पडते, हे घर बांधलेल्याला विचारावे. मग सात हजार टनांची युद्धनौका बांधणाऱ्यांचे काय होत असेल?

आपल्या माझगाव गोदीचेच उदाहरण घ्या. ‘कोलकाता’, ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या तीन विनाशिकांसाठी सन २००० मध्ये ३,५८० कोटी रुपये मंजूर झाले. पुढे हा खर्च ११,६६२ कोटींवर गेल्याची नोंद महालेखापरीक्षकांनी केली. म्हणजे तिपटीहून अधिक! पहिली ‘कोलकाता’ नौदलात दाखल व्हायला ऑगस्ट २०१४ उजाडला.

असे का होते? पहिला अंदाज बहुधा वजनावरून बांधतात. आधीच्या नौकेला टनामागे इतके पडले, तर नवीला इतके पडतील, असा हा त्रैराशिकाचा हिशेब. पण युद्धनौका म्हणजे नुसते पोलाद नव्हे. रडार, क्षेपणास्त्रे, गॅस टर्बाइन आणि मैलोगणती केबल त्याच सांगाड्यात दाटीवाटीने बसवायची असते. त्यांची किंमत तराजूत कशी मापणार?

दुसरा शत्रू काळ. बांधणीला दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्यात मजुरी वाढते, माल महागतो, नवे शस्त्र बाजारात येते आणि ते आपल्या नौकेवर हवेच, असे वाटू लागते. भिंत उभी राहिल्यावर खिडकी सरकवण्यासारखेच हे! अमेरिकेतील ‘रँड’ या संस्थेने २००६ मध्ये तिथल्या नौदलाचा अर्धशतकाचा हिशेब तपासला. जहाजांच्या किमती दरसाल ७ ते ११ टक्क्यांनी वाढल्या होत्या. या गतीने किंमत सात ते दहा वर्षांत दुप्पट होते. यातली साधारण निम्मी वाढ महागाईची, तर निम्मी नौदलाच्या वाढत्या अपेक्षांची होती.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. छोटा आकडा लवकर मंजूर होतो! कोचीत बांधलेल्या ‘विक्रांत’ला २००३ मध्ये ३,२६१ कोटी मंजूर झाले होते, २०१४ मध्ये सुधारित मंजुरी १९,३४१ कोटींची होती.

यावर उपाय नाही असे नाही. एकाच नमुन्याच्या नौका ओळीने बांधल्या, तर कामगारांचा हात बसतो आणि तासही वाचतात. ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या चार नौकांसाठी ‘कोलकाता’चाच सांगाडा बव्हंशी कायम ठेवला गेला. शिवाय अंदाज देताना एकच आकडा न देता ‘कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका’ असे सांगणे अधिक प्रामाणिक.

कारण चुकलेल्या अंदाजाची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही. तिजोरी तीच राहते. एक जहाज महागले की दुसरे लांबणीवर पडते. आणि समुद्रावर पहारा द्यायला लागते ते जहाज. कागदावरचा अंदाज नव्हे.