क्रूझवरचं जेवण आणि विसरलेला छेद

गेल्या महिन्यात सुट्टीला अक्कलकुव्याला घरी गेले होते. पेटची तयारी करणारा एक ज्युनिअर भेटायला आला. मोबाईलवर एक शोधनिबंध उघडून म्हणाला, "ताई, क्रूझ जहाजावरच्या जेवणावर लोक संशोधन करतात! असल्या विषयावर पण पीएचडी होते का?"

त्याला हसू येणं साहजिक होतं. आपल्या तालुक्याला समुद्र नाही. बोट म्हटली की आपल्याला मणिबेलीकडची, सरदार सरोवराच्या पाण्यावर चालणारी बोट आठवते. तिच्यात जेवण म्हणजे घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी.

मी म्हटलं, होते. आणि त्या संशोधनातली एक साधी गोष्ट मी शाळेत असताना आमच्या वसतिगृहात कुणाला माहीत असती, तर एका बाईंचं काम कदाचित गेलं नसतं. ती गोष्ट काय, ते आज लिहिते. माझा स्वतःचा विषय अन्नातले सूक्ष्मजंतू हा आहे, पण हा लेख वाचायला सूक्ष्मजीवशास्त्र येण्याची गरज नाही. अंश आणि छेद कळले की पुरे.

आधी जहाजावरचं जेवण

मुंबई-गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा बऱ्याच मराठी घरांत क्रूझ हा शब्द पहिल्यांदा बोलला गेला. नंतर 'कॉर्डेलिया'ची क्रूझही मुंबईहून निघू लागली. गोव्याला मात्र हे नवीन नाही. तिथे जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या जात आले.

मोठ्या क्रूझवर दोन-तीन हजार प्रवासी, त्याशिवाय शेकडो कर्मचारी. सगळ्यांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, सरबतं, बर्फ, सगळं जहाजावरच्याच स्वयंपाकघरातून येतं. त्याला गॅली म्हणतात. जेवणाची सोय साधारण दोन प्रकारची असते. एक, ठरलेल्या वेळी टेबलावर वाढलेलं जेवण. दुसरी, बुफे, जिथे आपण आपली ताटली घेऊन फिरतो आणि एकच डाव शेकडो हात धरतात.

इथे एक चूक झाली की ती एका घरापुरती राहत नाही. म्हणून नियम कडक असतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने १९७५ मध्ये जहाजांच्या स्वच्छतेचा एक कार्यक्रम सुरू केला. तिथल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची अचानक तपासणी होते, १०० पैकी गुण दिले जातात आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. शिजवलेलं अन्न गार करायचं असेल तर ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायलाच हवं. जहाजात पिण्याचं पाणी भरताना त्यात क्लोरिन किती हवं, शेवटच्या नळाला किती उरायला हवं, हेही ठरलेलं आहे. ज्या वाढप्याला जुलाब-उलट्या होतात त्याने त्रास थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही.

हे आकडे पाठ करू नका. त्यांच्यामागचं तत्त्व लक्षात ठेवा. ५ ते ५७ अंशांच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो, त्यामुळे अन्नाने त्या पट्ट्यात कमीत कमी वेळ काढावा.

संशोधकाला जहाज का आवडतं?

समजा नंदुरबारच्या बाजारात आलेल्या पन्नास जणांना जुलाब झाले. त्यांनी काय खाल्लं? कुणी भजी, कुणी घरची भाकरी, कुणी उसाचा रस. बाजारात एकूण किती लोक आले होते? माहीत नाही. किती जणांनी भजी खाल्ली आणि त्यांना काहीच झालं नाही? तेही माहीत नाही. म्हणजे आपल्याकडे अंश आहे, पण छेद नाही.

जहाजावर छेद आयता मिळतो. प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय, खोली क्रमांक नोंदलेला असतो. जेवण एकाच स्वयंपाकघरातलं. आजारी पडलेला माणूस जहाजावरच्याच दवाखान्यात जातो, तिथे वेळेसकट नोंद होते. सीडीसीच्या कार्यक्रमात तर प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी ३ टक्के लोकांना पोटाचा त्रास झाला की त्या उद्रेकाची माहिती जाहीर केली जाते. टक्केवारी काढायची तर छेद लागतोच.

ही सोय जुन्या लोकांनीही ओळखली होती. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या, मूळ जेवण सगळ्यांना सारखंच ठेवलं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सुधारली.

जपानचं उदाहरण मला त्याहून आवडतं. 'र्‍यूजो' या नौदलाच्या जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ मेले. खलाशांचं मुख्य जेवण पांढरा भात. डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावलं, फक्त जेवण बदललं. मोजकेच लोक आजारी पडले, मृत्यू एकही नाही. ताकाकींना वाटलं कमतरता प्रथिनांची होती. खरं कारण ब-१ जीवनसत्त्व, हे पुढे कळलं. म्हणजे कारणाचा अंदाज चुकला तरी तुलना नीट केलेली असल्यामुळे माणसं वाचली. संशोधनाच्या पद्धतीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर इथे आहे.

भात की कोळंबी?

आता मुख्य मुद्दा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका जहाजावर रात्रीच्या बुफेला ३२० प्रवासी जेवले. त्यांतले ६० आजारी पडले. आपण फक्त त्या ६० जणांना विचारलं, काय खाल्लं होतं? ५४ म्हणाले भात, ४८ म्हणाले कोळंबीचं सॅलड. ६० पैकी ५४ म्हणजे ९० टक्के. झालं, भाताला फाशी!

थांबा. उरलेल्या २६० निरोगी लोकांनाही विचारू.

कोळंबी एकूण ८० जणांनी खाल्ली, त्यांतले ४८ आजारी, म्हणजे ६० टक्के. कोळंबी न खाल्लेले २४०, त्यांतले १२ आजारी, म्हणजे ५ टक्के. ६० ला ५ ने भागलं तर १२. कोळंबी खाणाऱ्याला धोका बारा पट.

भात एकूण २८८ जणांनी खाल्ला, त्यांतले ५४ आजारी, म्हणजे १८.७५ टक्के. भात न खाल्लेले ३२, त्यांतले ६ आजारी, तेही १८.७५ टक्केच. भागाकार १. भात खा किंवा खाऊ नका, काही फरक नाही.

आजारी लोकांतले ९० टक्के भात खाणारे निघाले, कारण मुळात सगळ्याच प्रवाशांतले ९० टक्के भात खाणारे होते. भात निर्दोष आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? जे आजारी पडलेच नाहीत त्यांनी.

खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले, याला अटॅक रेट म्हणतात. दोन अटॅक रेटच्या भागाकाराला सापेक्ष जोखीम म्हणतात. आणि एका ठरावीक गटातल्या सगळ्यांची, आजारी आणि निरोगी दोघांचीही, मागे जाऊन माहिती काढणं म्हणजे पूर्वलक्षी कोहॉर्ट अभ्यास. नेट-सेटला व्याख्या विचारतात, पण व्याख्येपेक्षा हे ३२० लोक लक्षात ठेवा.

ज्यांनी कोळंबी खाल्ली नाही असे १२ जण का आजारी पडले? कुणाला खाल्लेलं आठवत नसेल. कोळंबीचा डाव दुसऱ्या भांड्यात गेला असेल. किंवा एकाचा आजार दुसऱ्याला लागला असेल. जहाजांवर कुप्रसिद्ध असलेला नोरोव्हायरस असाच पसरतो, दाराच्या मुठीवरून, हातावरून. म्हणून उद्रेक झाला की जहाजावर प्रवाशांनी स्वतः वाढून घेणं बंद करतात आणि वाढपी उभे करतात.

घड्याळही साक्ष देतं

जेवण आणि पहिली उलटी यांच्यात किती वेळ गेला, हा दुसरा धागा. अन्नात आधीच विष तयार झालेलं असेल, जसं स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सेरियस करतात, तर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला सहा तासांपासून काही दिवसही घेतो. बॅसिलस सेरियसचे बीजाणू भात शिजतानाही जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजून वाढतात, आणि उलटी घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

आमच्या वसतिगृहातलं ताक

मी आठवीत होते. वसतिगृहात कार्यक्रम होता. स्वयंपाक दुपारीच झाला, पाहुणे उशिरा आले, जेवायला रात्रीचे आठ वाजले. भात, वरण, वांग्याची भाजी, भाकरी आणि ताक. अकराच्या सुमारास पहिली मुलगी उलटी करायला उठली, मग रांगच लागली. सकाळी मोठी माणसं आली. आजारी मुलींना एकेक करून विचारलं. जवळजवळ सगळ्याच म्हणाल्या, ताक प्यायलो होतो. ताक स्वयंपाकाच्या मावशींनी स्वतःच्या घरून आणलं होतं, हौसेने. त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाजाराच्या दिवशी बायका त्यांच्याकडे बोट दाखवायच्या.

त्या रात्री मी वाढायला होते. शेवटी बसले तेव्हा भात संपला होता. मी भाकरी खाल्ली आणि दोन पेले ताक प्यायले. मला काहीही झालं नाही. आजारी नव्हते, म्हणून मला कुणी विचारलंच नाही. मीही बोलले नाही. मोठ्यांच्या मध्ये कशाला बोला.

आज वही घेऊन बसले तर दिसतं ते असं. आपल्याकडे ताक आणि भात वेगवेगळे खात नाहीत, ताक-भात कालवून खातात. मग ताक पिणाऱ्यांचा अटॅक रेट वर दिसणारच, दोष भाताचा असला तरी. एक गोष्ट दुसरीच्या आड लपते, याला संशोधनात गोंधळक घटक म्हणतात. तो सोडवायचा तर चार गट करावे लागतात: ताक आणि भात दोन्ही, फक्त भात, फक्त ताक, आणि दोन्ही नाही. त्यातल्या 'फक्त ताक' या गटात आम्ही वाढणाऱ्या मुली होतो. तीन तासांत सुरू झालेल्या उलट्या, दुपारपासून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला भात. बोट भाताकडे जातं. पण माझ्या एकटीच्या पोटावरून ताक सुटत नाही, आणि भाताचा नमुनाही कुणी ठेवला नव्हता. म्हणून ते सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की मावशींचा दोष तर अजिबातच सिद्ध झाला नव्हता. आणि दोष भाताचा असला, तरी तो पाहुण्यांच्या उशिराचा आणि गार करायची सोय नसलेल्या स्वयंपाकघराचा होता.

तुमच्यासाठी

आपल्याकडे लग्न, भंडारा, आश्रमशाळा, मेस अशी कितीतरी 'जहाजं' आहेत, जिथे सगळे एकाच पातेल्यातलं जेवतात. असं काही घडलं तर आधी आजाऱ्यांना दवाखान्यात न्या आणि आरोग्य केंद्राला कळवा. मग त्याच दिवशी वही काढा. जेवलेल्या प्रत्येकाचं नाव, प्रत्येक पदार्थापुढे हो किंवा नाही, जेवणाची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, आणि त्रास नसेल तर तसं स्पष्ट. दोन दिवसांनी विचाराल तर लोक ज्या पदार्थाची गावात चर्चा आहे तोच आठवून सांगतील. उरलेलं अन्न फेकू नका, स्वच्छ डब्यात थंड जागी ठेवा. चव घेऊन बघितली होती, हा पुरावा नाही. ही विषं चवीला कळत नाहीत.

आणि तुमचा विषय कोणताही असो, शेती, शिक्षण, रसायनशास्त्र, प्रश्नावली बनवताना एकदा स्वतःला विचारा: ज्यांच्या बाबतीत ते घडलंच नाही, त्यांना मी विचारलं का?

ज्युनिअरला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, त्या मावशी आता कुठे असतात?" त्या अजून गावातच आहेत. या खेपेला त्यांच्याकडे जाऊन आले. भागाकार त्यांना सांगितला नाही. त्या रात्री मी दोन पेले ताक प्यायले होते आणि मला काही झालं नव्हतं, एवढंच सांगितलं. हे सांगायला मला पंधरा वर्षं लागली.